शेवटची तापवणी

फोनवरच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. चौथी खेप बिघडली होती, संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि घागर नुसता आंबट वास मारत बसली होती.

"फोन मशीनच्या पाण्याच्या नळीजवळ धरा," निरुपमा तिडके म्हणाली. "आणि तुम्ही बोलू नका."

पलीकडून पंपाची घरघर ऐकू आली. नळीतल्या बुडबुड्यांचा आवाज मात्र नव्हता. निरुपमानं दहापर्यंत आकडे मोजले.

"झाकणाखालची रबराची कडी कुठे आहे?"

"ती होय? धुऊन रॅकवर वाळत ठेवलीय. तिचं काय?"

"ती नसली की आतला गॅस झाकणातून पळतो, बाहेरची हवा आत शिरते आणि दारूचं व्हिनेगर होतं. ही खेप लोणच्याला वापरा. पाहुण्यांना आज ताक द्या. कडी बसवून पुन्हा मशीन लावा आणि चार दिवसांनी काय झालं ते कळवा."

बाई हसल्या. निरुपमानं तक्रार बंद केली. सकाळपासूनची ती एकोणिसावी होती.

घरगुती परवान्याचे नियम सैल झाल्यापासून नागपुरात दर तिसऱ्या-चौथ्या ओट्यावर घागर दिसायला लागली होती. पाण्याच्या फिल्टरएवढं ते स्टीलचं मशीन. वरून मोहाची फुलं टाका, द्राक्षाचा रस घाला नाहीतर बियरसाठी सातू घाला. बटण दाबलं की ते स्वतः वजन करायचं, उकळायचं, निववायचं, यीस्ट सोडायचं आणि किती साखर उरली ते दर तासाला मोजायचं. दारू नको असणाऱ्यांसाठी त्यात 'शून्य' नावाचं बटण होतं. त्यात आलं-लिंबू किंवा कोकम घातलं की आंबणं सुरू होताहोताच मशीन ते थांबवायचं. फेस आणि चव तेवढी उरायची.

निरुपमा अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती. दहा वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दही तपासण्यात गेली, मग ती घागरीच्या मदतकेंद्रात आली. मशीनचं दुखणं तिला आवाजावरून कळायचं आणि पेयाचं दुखणं वासावरून. दर गुरुवारी ती पाच मिनिटांचा एक 'कानमंत्र' ध्वनिमुद्रित करून टाकायची: मशीन सपाट कसं ठेवावं, गूळ कधी घालावा, फेस नळीत चढला तर काय करावं. चाळीस हजार लोक तो ऐकायचे. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात तिला 'आमच्या निरूताई' म्हणत.

घागरीची खरी करामत मशीनमध्ये नव्हती, यीस्टमध्ये होती. नेहमीचं यीस्ट वीस-बावीस अंशांत रमतं. पस्तिशीच्या पुढे त्याचा जीव घाबरा होतो आणि पेयाला घाणेरडा वास मारू लागतो. नागपूरचा मे महिना शेहेचाळीस अंशांचा. भांडं चार दिवस थंड ठेवायचं तर विजेच्या बिलानंच माणसाला नशा यावी. म्हणून कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मोहाच्या जुन्या मडक्यांतून यीस्ट गोळा केलं आणि त्याच्या हजारो पिढ्या अर्ध्या-अर्ध्या अंशानं वाढत्या उष्णतेत वाढवल्या. तगलं ते ठेवलं, बाकीचं फेकलं. एकेचाळीस अंशांतही खुशाल राहणारी एक जात हाती आली. चिंच-कोकमाच्या आंबटातही ती मरत नसे. शिवाय भांड्याच्या भिंतीला चिकटून बसायची, त्यामुळे वरचं पेय नितळ निघे आणि पुढच्या खेपेला नवं पाकीट लागत नसे. त्या जातीचं नाव त्यांनी ठेवलं 'वैशाख'.

आंबवण झाली की शेवटी मशीन सगळं पेय सत्तर अंशांवर दहा मिनिटं तापवायचं. त्यानं उरलंसुरलं यीस्ट मरायचं. पण त्यानं चवही शिजायची. आल्याचा झणका जायचा, मोहाचा गंध काढ्यासारखा व्हायचा. दोन वर्षांपूर्वी निरुपमानं एका कानमंत्रात सांगितलं होतं, 'शेवटची तापवणी वगळा. पेय सरळ फ्रिजमध्ये ठेवा, यीस्ट झोपी जाऊन तळाशी बसेल, वरचं ओतून घ्या. फरक बघा.' सांगण्यापूर्वी तिनं विचार केला नव्हता असं नाही. इडलीच्या पिठात, कांजीत यीस्ट असतंच, माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातात. लोकांनी फरक बघितला. कंपनीनंही बघितला आणि पुढच्या सुधारणेत 'ताजं' नावाचं नवं बटणच दिलं. निरुपमाला बढती मिळाली.

तिच्या स्वतःच्या ओट्यावरची घागर कायम 'शून्य' आणि 'ताजं' या दोन बटणांवर चाले. कारण पिणारा एकच होता, तिचा नवरा सुधाकर. तो नऊ वर्षांपूर्वी दारू सोडून बसला होता. आलं-लिंबाची बाटली त्याला रोज जेवणासोबत लागे.

*

सुधाकर विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एका खाजगी कंटेनर-यार्डात क्रेन चालवायचा. जमिनीपासून ऐंशी फुटांवर काचेची केबिन आणि खाली चाळीस टनांचा डबा लोंबकळत असलेला. म्हणून पाळी सुरू होण्याआधी प्रत्येक ऑपरेटरनं नळीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर वर जायचं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी दुपारच्या पाळीला गेलेला सुधाकर चार वाजताच घरी आला. चप्पल काढून तो दारातल्या खुर्चीवर बसून राहिला.

"लाल झाली," तो म्हणाला.

"काय लाल झाली?"

"नळी. मशीन बिघडलं असंन म्हणून दुसऱ्या मशीनवर घेतली. तीही लाल."

निरुपमा त्याच्याजवळ गेली. तिचं नाक कधी चुकत नसे, आणि त्या दिवशीही चुकलं नाही. वास दारूचाच होता.

तिनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. लग्नानंतरची बारा वर्षं तिनं हा वास ओळखण्यात काढली होती: दारातून, पांघरुणातून, फोनवरच्या आवाजातूनसुद्धा. ती विद्या आपण विसरलो असं तिला वाटत होतं.

"मी नाही पेलो, निरू," तो मागून म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

चार दिवसांनी पुन्हा दिवा लाल झाला. या खेपेला यार्डाच्या डॉक्टरांसमोर. सुधाकरला महिनाभर घरी बसवलं, चौकशी लावली. तिसऱ्यांदा सापडला तर क्रेनचा परवाना कायमचा जाणार होता. मुलगी बंगळुरूला शिकत होती. तिला काही कळवायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

"तुम्ही कबूल करा," निरुपमा म्हणाली. "मी सोबत येते. पुन्हा त्या समुपदेशकांकडे जाऊ. नऊ वर्षांनी घसरतात माणसं, जगबुडी नाही झाली."

"काय कबूल करू?"

"किती पेलात ते. कुठं पेलात ते."

"थेंबही नाही पेलो."

"मग वास कशाचा येऊन राहिला?"

सुधाकरनं तोंडावरून हात फिरवला. "मला नाही माहीत."

हे उत्तर तिला सगळ्यात जास्त लागलं. पूर्वी तो खोटं बोले तेव्हा निदान गोष्ट तरी रचून सांगे: अमक्याचं लग्न होतं, तमक्यानं सरबतात घातली. आता त्याच्याकडे गोष्टच नव्हती. गोष्ट नसणं ही कशाची खूण असते, हा प्रश्न तिला तेव्हा सुचला नाही. रोज वीस माणसांना ती एकेक बारीकसारीक गोष्ट विचारून भंडावून सोडे. घरच्या माणसाला तिनं एकच प्रश्न विचारला आणि उत्तर आधीच ठरवून ठेवलं.

"नऊ वर्षांपूर्वी मी एकदा सांगितलं होतं, पुन्हा पेलात तर एका घरात राहणं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा सांगणार नाही."

त्यानं बॅग भरली. काटोलला त्याची मोठी बहीण कांताताई राहत होती, संत्र्याच्या बागेतच तिचं घर होतं. "ताईकडे जातो काही दिवस," तो म्हणाला. निरुपमानं अडवलं नाही. फक्त सवयीनं फ्रिज उघडला आणि आलं-लिंबाच्या चार बाटल्या त्याच्या बॅगेत ठेवल्या.

*

बाराव्या दिवशी सकाळी कांताताईंचा फोन आला. या बाईंनी आयुष्यभर शेती एकटीनं सांभाळली होती. फोन केला की आधी पाऊसपाणी, मग तब्येत आणि मग मुद्दा, असा त्यांचा क्रम. आज त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"निरू, माह्या घरात दारू नाही. गावात कोणी याले देणार नाही, मी सगळ्याइले सांगून ठेवलं. दिवसभर माह्या डोळ्यासमोर असते. तरी हा झिंगते."

"ताई, त्यांना लपवता येतं. तुम्हाला नाही माहीत."

"मले नाही माहीत? माहा नवरा कशानं गेला?" कांताताई म्हणाल्या. "ऐक. सकाळी उठते तवा चांगला असते. बागेत काम करते. दुपारी जेवते, भात दोनदा घेते, आन तासाभरानं डोळे लाल, जीभ जड. काल मी त्याले जेवू घालून त्याच्यासमोरच बसली. दोन तास हलली नाही. तरी झाला. आता तू शिकली-सवरली आहे. मले सांग, भातानं कोणी झिंगते का?"

निरुपमा उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

जेवला की. भात दोनदा. तासाभरानं.

कोणत्याही ग्राहकानं असं सांगितलं असतं तर तिनं काय विचारलं असतं? त्याआधी काय बदललं होतं? मार्चमध्ये सुधाकरची दाढ सुजली होती. मुळाशी पू झाला होता आणि दंतवैद्यानं जोरदार अँटिबायोटिकचे दोन कोर्स पाठोपाठ दिले होते. त्या औषधानं दाढेतले जंतू मेले. आतड्यातले नेहमीचे रहिवासीही मेलेच असणार, ते कोणा उपऱ्याला टिकू देत नाहीत. रान मोकळं झालं. आणि त्याच रानात ती रोज एक बाटली जिवंत 'वैशाख' ओतत होती.

कंपनीच्या माहितीपत्रकात त्या यीस्टचे तीन गुण ठळक अक्षरांत छापले होते. उष्णता सोसतं, माणसाचं अंग सदतीस अंशांचं. आंबट सोसतं, जठरात आम्लच असतं. भिंतीला चिकटून बसतं. चौथं काही लागत नव्हतं. पोटात पिठूळ अन्न गेलं की त्याची साखर होणार आणि साखरेची दारू करणं एवढंच तर त्या यीस्टला शिकवलेलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "आज दुपारी त्यांना जेवायला वाढू नका. मी येते."

*

बसस्टँडजवळच्या मेडिकलमधून तिनं श्वास मोजायचं छोटं यंत्र घेतलं. काटोलला पोचायला साडेअकरा झाले. सुधाकर ओसरीवर बसला होता. बारा दिवसांत तो वाळला होता. तिला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

"ताईनं तक्रार केली वाटते."

"फुंका," ती म्हणाली आणि यंत्र पुढे केलं.

त्यानं निमूटपणे फुंकलं. फुंकणं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आकडा आला तीन. तीस ही कायद्याची हद्द. तीन म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

मग निरुपमानं स्वतः ताट वाढलं: भात, वरण, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या आणि वर गूळ. सुधाकर जेवत असताना ती समोर बसून राहिली. त्याचे खिसे तिनं तपासले नाहीत. पण तो हात धुवायला उठला तेव्हा तीही उठली. त्यानं ते पाहिलं.

साडेबाराला आकडा नऊ. एक वाजता चोवीस. कांताताई यंत्राकडे अशा बघत होत्या जणू त्यातून साप निघणार आहे. दीड वाजता सुधाकरचे डोळे जड झाले, गालांवर लाली आली आणि तोच वास आला, निरुपमाच्या नाकानं हजारदा ओळखलेला. आकडा एकावन्न.

"बाप्पा!" कांताताई म्हणाल्या. "भातानंच!"

निरुपमानं त्याला सगळं सांगितलं. यीस्ट, दाढ, औषध, तापवणी. ग्राहकांना सांगते तसंच, सोप्या शब्दांत, एकापुढे एक. आवाज कुठे अडखळला नाही याचं तिला नंतर नवल वाटलं.

सुधाकरनं यंत्र हातात घेतलं. "म्हणजे मी पेलो नव्हतो," तो म्हणाला. तो सांगत होता की विचारत होता, ते कळेना.

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. माझ्या मशीननं केलं. माझ्या टिपेनं केलं."

तो उठला, जरासा झोकांडला आणि खांबाला धरून बागेत निघून गेला. तासाभरानं परत आला तेव्हा झाडांना पाणी देऊन आला होता. त्या दिवशी निरुपमा एकटीच नागपूरला परतली.

*

पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर शबनम काझी यांनी सुधाकरला दोन दिवस रुग्णालयात ठेवलं. झडती घेतलेल्या खोलीत, नर्सच्या पहाऱ्यात साखरेचं पाणी पाजून दर तासाला रक्त काढलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

"हा आजार नवा नाही," त्या म्हणाल्या. "जगात तुरळक रोगी पूर्वीही सापडलेत. पण साधं यीस्ट आतड्यात सहसा टिकत नाही, म्हणून तुरळक. तुमच्या लोकांनी टिकणारं तयार केलं." त्यांनी बुरशीनाशक गोळ्या लिहून दिल्या, सहा आठवडे भात, पोळी, साखर बंद केली. "बरे होतील हे. तुमचं हे जिवंत यीस्ट किती घरांत गेलंय, ते सांगा."

'ताजं' बटण अकरा हजार मशीनवर दाबलं गेलं होतं.

निरुपमानं पुण्याला मिलिंद सबनीसांना फोन लावला. ते घागरीच्या सगळ्या कामाचे प्रमुख होते, सौम्य आणि हुशार. तिला बढती त्यांनीच दिली होती. तिनं पाठवलेला डॉक्टर काझींचा अहवाल त्यांनी नीट वाचला होता.

"निरुपमा, हे एका माणसाचं उदाहरण आहे," ते म्हणाले. "आणि तो माणूस तुझा नवरा आहे. तू या बाबतीत तटस्थ आहेस असं कोण म्हणेल?"

"मी तटस्थ नाहीच, सर. टीप माझीच होती."

"पुढच्या महिन्याच्या सुधारणेत आपण ते बटण काढून टाकू. गाजावाजा न करता. तापवणी पुन्हा सक्तीची."

"आणि ज्यांच्या पोटात ते आधीच बसलंय ते?"

"असतील तर दहा-वीस असतील. जाहीर केलं तर अकरा हजार घरं घाबरतील."

"घाबरू देत. त्या दहा-वीस घरांत आत्ता कोणीतरी कोणालातरी दारुडा म्हणतंय."

"मी तुला विनंती करतोय, आठ दिवस थांब."

आठ दिवसांत सुधाकरच्या चौकशीचा निकाल लागणार होता. कंपनीच्या अधिकृत पत्राचा त्याला उपयोग झाला असता, आणि सबनीसांनी ते पत्र देण्याची तयारीही दाखवली. बदल्यात थांबायचं होतं. निरुपमानं दिवसभर विचार केला. मग सुधाकरला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"डॉक्टरीणबाईचा कागद आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे. पण कंपनीचा असला तर यार्डवाले लवकर मानतील."

"मले घाई नाही," तो म्हणाला. "तू तुह्यं काम कर."

त्या गुरुवारी नेहमीच्या वेळी कानमंत्र आला. त्यात निरुपमा म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला शेवटची तापवणी वगळायला सांगितलं होतं. ती टीप चुकीची होती. 'ताजं' बटण दाबू नका. तुमच्या घरात कोणी दारू न पिता, जेवणानंतर झिंगल्यासारखं वागत असेल, जिभेला जडपणा, डोळे लाल, वास, आणि त्याआधी त्यानं अँटिबायोटिक घेतलं असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याला डॉक्टरकडे न्या. माझ्या घरी हे झालंय, आणि मी विश्वास ठेवला नव्हता."

शुक्रवारी दुपारी बारा वाजता तिचा पासवर्ड चालेनासा झाला. सोमवारी नोकरी संपल्याचं पत्र आलं. पुढल्या पंधरवड्यात सरकारी खात्यानं मशीनं तपासायला मागवली आणि 'ताजं' बटण सगळीकडून नाहीसं झालं, अर्थात मोठ्या गाजावाज्यानं. निरोपांचा तर पाऊस पडला. निम्मे शिव्यांचे होते, घागर बंद पडेल या काळजीपोटी. एकाहत्तर निरोप मात्र लक्षणांशी जुळणारे निघाले. नागपूर आणि आसपासचे त्यांतले सव्वीस.

निरुपमाला आता नोकरी नव्हती, श्वास मोजायचं यंत्र होतं. तिनं सव्वीस पत्त्यांची यादी केली.

*

घरची गाडी चालवायला सुधाकर काटोलहून रोज सकाळी बसनं येऊ लागला. तो कसा आला, तिनं बोलावलं की तो आपणहून आला, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. गोळ्यांनी त्याचा आकडा शून्यावर आला होता, चौकशी त्याच्या बाजूनं निघाली होती, यार्डात रुजू व्हायला आठवडा बाकी होता. संध्याकाळी तो तिला दारात सोडे, गाडी लावून किल्ली तिच्या हातात देई आणि बसस्टँडकडे चालू लागे. घरी या, असं ती म्हणाली नाही. म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, तिला ठरवता येत नव्हतं.

अकरावा पत्ता उमरेड रोडवरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा होता. गोविंदराव देशभ्रतार, वय एकाहत्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. न्यूमोनियातून उठल्यावर दुपारी झिंगू लागले म्हणून मुलानं त्यांना नव्वद दिवसांसाठी इथे आणून ठेवलं होतं. इथेही वास येतच राहिला. केंद्रातल्या लोकांनी दोनदा त्यांची गादी उसवून बघितली होती. सुनेनं कानमंत्र ऐकला आणि निरोप टाकला.

खिचडी खाल्ल्यानंतर दीड तासानं सरांनी यंत्रात फुंकलं. आकडा आला चव्वेचाळीस. निरुपमानं मुलाला सगळं समजावलं. तो चाळिशीतला माणूस भिंतीला टेकून उभा राहिला, मग घरी न्यायच्या कागदांवर सही करायला ऑफिसात गेला.

सरांना आनंद झालेला दिसला नाही. "यंत्र नवीन आहे का?" त्यांनी विचारलं. "चुकत तर नसेल?"

"नाही सर. मी दहा घरांत तपासलंय."

"हं," सर म्हणाले आणि आपल्या हातांकडे बघत बसले.

निरुपमा दारापाशी यंत्र पिशवीत भरत होती. सुधाकर आत आला आणि सरांच्या पलंगाच्या कडेला बसला.

"सर, तुम्हीही शोधलं असंन ना घरात?"

"काय?"

"बाटली."

सरांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "पुस्तकांच्या मागे. सगळी कपाटं काढली. वाटलं, मीच कुठेतरी ठेवत असेन आणि विसरत असेन. वय झालं आता."

"मी कूलरच्या मागं बघितलं," सुधाकर म्हणाला. "गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. गच्चीवरची टाकी उघडली. पूर्वी मी तिथंच लपवायचो. यार्डातले म्हणत पेला, बायको म्हणे पेला, तिचं नाक तर कधीच चुकत नाही. मग म्हटलं, पेलो असंन बाबा. झोपेत पेलो असंन. बाटली सापडली असती तर बरं वाटलं असतं, सर. वेडा झालो नाही एवढं तरी कळलं असतं."

सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि मग ते रडू लागले, मोठ्यानं, लाज न बाळगता. सुधाकर तसाच बसून राहिला.

बाहेर आवारात गाडी तापून निघाली होती. सुधाकर काचा खाली करून चालकाच्या जागी बसला. निरुपमा गाडीच्या दाराच्या हँडलला हात लावून थांबली. हँडल पोळत होतं.

"कूलरच्या मागं मीही बघितलं होतं," ती म्हणाली. "तुमची नळी पहिल्यांदा लाल झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही आंघोळीला गेला होता."

"माहीत आहे," सुधाकर म्हणाला. "गवताची जाळी उलटी बसवली होती तू. सगळं पाणी फरशीवर गळून राहिलं होतं."

त्यानं आतून तिच्या बाजूचं दार उघडलं.

"मी सरळ केली."